थंडी उत्तरेतून येते की आपल्याच रानात तयार होते?

प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे, आणि खरं तर तो एकात तीन आहे. पहिला: दिवाळी होऊन गेली, तीन-चार रात्री चांगला गारठा पडला, आता परत आभाळ आलं आणि रात्री उकडायला लागलं, दरवर्षी थंडीचा हा लपंडाव का? दुसरा: मोबाईल पहाटे १४ अंश दाखवतो, नाल्याकाठच्या प्लॉटात टांगलेला तापमापक ९ दाखवतो, माळावरच्या प्लॉटातला १३, खरं कुणाचं धरायचं? तिसरा: यंदा थंडी कशी राहील?

मी वेधशाळेत निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं काढली. सकाळी साडेआठची रीडिंग चुकवायची नाही, घरात लग्न असो वा सुतक. त्या सवयीमुळे असेल, मला हवामानाचं मोठं चित्र नंतर दिसतं, आधी दिसते ती पेटीतली पाऱ्याची रेघ. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर समजलं की पहिला निम्मा सुटतो.

वेधशाळेचं तापमान म्हणजे झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीतलं तापमान. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. चार पायांवर उभी, आतले तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत येत नाही. आत चार तापमापक असतात. त्यातला किमान तापमानाचा आडवा ठेवलेला असतो आणि त्यात पारा नसतो, अल्कोहोल असतं. त्या अल्कोहोलमध्ये डंबेलच्या आकाराची एक बारीक काळसर काडी बुडालेली असते. गारवा वाढला की अल्कोहोल आकसतं आणि त्याचा पृष्ठभाग काडीला तापमापकाच्या टोकाच्या फुग्याकडे ओढत नेतो. सकाळी तापमान वाढलं की अल्कोहोल काडीच्या बाजूनं पुढे सरकतं, काडी मात्र जिथे पोचली तिथेच पडून राहते. रात्रीचा नीचांक ती असा धरून ठेवते. तिचं फुग्यापासून लांबचं टोक वाचायचं असतं. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी चार दिवस जवळचं टोक वाचत होतो. आमचे वरिष्ठ रजिस्टर बघून म्हणाले, "अरे, फुकट अख्खं गाव गारठवून टाकलंस की!" ते चारही आकडे लाल शाईनं खोडले गेले. तेव्हापासून कुणी तापमान सांगितलं की मी आधी विचारतो: कुठे, किती उंचीवर, कशावर लावलेल्या तापमापकानं?

तुमचा तापमापक बहुधा वेलींच्या ओळीत लोखंडी अँगलला उघड्यावर बांधलेला असणार. निरभ्र रात्री उघडा तापमापक स्वतःच आभाळाकडे उष्णता टाकत असतो, त्यामुळे तो आसपासच्या हवेपेक्षाही थोडा खाली उतरतो. दुपारी हाच उलटा खोटं बोलतो, उन्हानं चढतो. म्हणून तुमच्या ९ मधले एक-दीड अंश तापमापकाचे धरा. बाकीचा फरक मात्र खरा आहे, आणि तोच मोलाचा आहे.

मोबाईलचे १४ कुठून आले? ते तुमच्या शेतात मोजलेले नाहीत. हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणकाच्या प्रारूपात जमीन चौकोनांत वाटलेली असते. चांगल्या प्रारूपात एक चौकोन नऊ-बारा किलोमीटरचा, साध्यात पंचवीसचा. त्या चौकोनात तुमचा नाला, माळ, शेजारचं गाव, डांबरी रस्ता आणि धरणाचं पाणी सगळं एकत्र कालवलेलं असतं. १४ हा त्या सगळ्या कालवणाचा आकडा. तो खोटा नाही, पण तो तुमच्या नाल्यातला नाही.

आता नाला आणि माळ. इथे थंडी तयार कशी होते ते बघावं लागेल.

दिवसभर जमीन तापते. सूर्य मावळला की ती हीच उष्णता वर आभाळाकडे सोडायला लागते. आभाळात ढग असतील किंवा हवेत बाष्प भरपूर असेल, तर त्यातली बरीच उष्णता परत खाली येते. गोधडी पांघरल्यासारखं होतं. आभाळ मोकळं आणि हवा कोरडी असेल तर ती निघून जाते ती जातेच. जमीन गार पडते, तिला टेकलेली हवा गार पडते. वारा वाहत असेल तर वरची उबदार हवा खाली कालवली जाते आणि गारठा वाढत नाही. वारा पडलेला असेल तर गार हवेचा थर जमिनीवर तसाच साचतो आणि वरची हवा त्याच्यापेक्षा गरम राहते. संध्याकाळी गावाकडे बघा: चुलीचा धूर सरळ वर जायच्या ऐवजी घरांच्या वर एका पातळीत आडवा पसरून तरंगताना दिसला, की समजायचं झाकण बसलं. अशा रात्री पहाटे चांगला काकडा पडतो.

गार हवा जड असते आणि ती पाण्यासारखी वागते. माळावर तयार झालेली गार हवा तिथे थांबत नाही, उतारानं खाली घरंगळते आणि नाल्याच्या काठी, बांधाच्या वरच्या अंगाला, दाट कुंपणाच्या मागे तुंबते. रात्री नऊ-दहाच्या सुमारास एक उदबत्ती पेटवून उतारावर उभे राहा. वारा पडलेला असेल तर तिचा धूर हळूहळू नाल्याच्या दिशेनं झुकलेला दिसेल. ती तुमची थंडी वाहतेय. नाल्याकाठी ९ आणि माळावर १३, यात चमत्कार काही नाही. मी याहून जास्त फरक पाहिलेला आहे.

महाबळेश्वरची बातमी दरवर्षी वाचता ना, की दव गोठलं, हिमकण दिसले? त्याच सकाळी गावातल्या वेधशाळेचा पारा कित्येकदा दोन आकडी असतो. दव गोठतं ते वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या सखल भागात, गाडीच्या टपावर, गवतावर. उंचावरच्या गावापेक्षा त्याच्याच कुशीतला खोलगट भाग जास्त गार. पुण्यातही पाषाण आणि मगरपट्टा यांच्या किमान तापमानात एकाच पहाटे पाच-सहा अंशांचा फरक नेहमी दिसतो. पाषाणला मोकळी जमीन, झाडी, सखल भाग, तिकडे काँक्रीट. "पुण्याचं तापमान" असं एक काही नसतंच. निफाडचा जो आकडा पेपरात गाजतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो, म्हणजे मोकळ्या शेतातला. सोलापूर जिल्ह्यात जेऊर, खानदेशात धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा परिसर, मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परिसर, ही सगळी गार आकड्यांची ठिकाणं शहराच्या गजबजाटाबाहेरची, मोकळ्या रानातली आहेत, हे लक्षात घ्या.

जमिनीलगतच्या या थराची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जी दगडी इमारत आहे तिला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं. तिथे एल. ए. रामदास यांनी कृषी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. सी. व्ही. रामन यांचे ते विद्यार्थी. १९३२ साली त्यांनी आणि आत्मनाथन यांनी रात्रीच्या हवेचं तापमान जमिनीपासून वर बोटाबोटानं मोजलं, तेव्हा दिसलं की शांत निरभ्र रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला टेकलेली नसतेच. ती उघड्या जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर असते. पुष्कळांना वाटलं मोजण्यात चूक झाली असेल. पुढे इतरांनीही मोजून तेच पाहिलं आणि त्या थराला रामदासांचं नाव मिळालं. तुम्हाला याचा उपयोग काय? कांद्याची रोपं, टोमॅटोची कोवळी लागवड, नुकता उगवलेला हरभरा, या सगळ्यांचे शेंडे नेमके त्या वीत-हातभर उंचीवर असतात. मंडपावरचा द्राक्षाचा घड त्याच्या वर असतो. त्यामुळे एकाच रात्री एकाच रानात भाजीची रोपं करपल्यासारखी दिसतात आणि बाग सुखरूप राहते, हे होऊ शकतं.

आता पहिला प्रश्न, लपंडावाचा. आमच्याकडे लोक विचारतात, "थंडी आली का?" जणू ती एसटीनं येणार आहे. उत्तरेकडून आपल्याकडे येते ती कोरडी हवा. थंडीचा मोठा भाग त्या कोरड्या हवेखाली आपली जमीन रात्रभरात स्वतः तयार करते. कोरड्या हवेचा पुरवठा चालू आहे तोवर थंडी. तो तुटला आणि बाष्प शिरलं की कार्तिक असो की पौष, रात्री पंखा लावावा लागतो.

पाऊस परतल्यावर हे चक्र सुरू होतं. मुंबईतून मोसमी वाऱ्यांच्या माघारीची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, देशभरातून १५ ऑक्टोबर. माघार जाहीर करताना नुसता पाऊस थांबलाय एवढं बघत नाहीत, हवेतलं बाष्प कमी झालंय का आणि वरच्या हवेत वारे उलटे फिरलेत का हेही बघतात. आभाळ मोकळं होतं, जमीन अजून ओली असते, सूर्य अजून बऱ्यापैकी वर असतो, म्हणून ऑक्टोबरचा तो चिकट उकाडा. मुंबईत सकाळी जमिनीकडून पूर्वेचे वारे वाहतात आणि समुद्रावरचा वारा सुरू व्हायला जितका उशीर होतो तितकी दुपार जास्त तापते. देशावर त्याच दिवसांत दुपार ३२-३३ आणि पहाट १८-१९, अशी दरी पडायला लागते. ही दरी रुंदावणं ही हिवाळ्याची पहिली खूण. माझी आई तिच्या परीनं ती ओळखायची: मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं थांबलं म्हणजे हवा कोरडी झाली, आणि खोबरेलाची बाटली सकाळी पांढरी दिसली म्हणजे घरातलं तापमान २४ च्या खाली गेलं. तिला २४ हा आकडा माहीत नव्हता, पण बाटली बरोबर सांगायची. मीठ नेहमी बाटलीच्या आधी बोलतं. हवा आधी कोरडी होते, मग गार.

यापुढचा खेळ दोन बाजूंनी चालतो. उत्तरेकडे पश्चिमी झंझावात एकामागून एक येत असतात. भूमध्य समुद्राच्या बाजूनं इराण, अफगाणिस्तान ओलांडून ते हिमालयावर पाऊस-बर्फ टाकतात. असा एक झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून वायव्येचे कोरडे गार वारे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरतात. धुळे, जळगाव, नाशिकला त्यांची पहिली झुळूक लागते. विदर्भात नागपूर-गोंदियाची बाजू मध्य प्रदेशातून येणाऱ्या वाऱ्यावर गार पडते. दोन-चार दिवस कडाका. मग उत्तरेकडचा जास्त दाबाचा भाग पूर्वेला सरकतो आणि आपल्याकडचा वारा ईशान्येवरून पूर्वेला, आग्नेयेला वळतो. तो वारा बंगालच्या उपसागरावरून येतो आणि रिकाम्या हातानं येत नाही.

दक्षिणेत या दिवसांत पावसाळा असतो. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं, वादळ झालं, की त्याचं बाष्प तेलंगण-कर्नाटक ओलांडून आधी सोलापूर, सांगली, कोल्हापूर, मराठवाडा इथे पोचतं आणि मग वर सरकतं. म्हणूनच दक्षिण महाराष्ट्रात थंडी उशिरा स्थिरावते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस राज्यात छान गारठा होता. ३० नोव्हेंबरला फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे ढगाळ होऊन थंडी गायब झाली. वादळ हजार किलोमीटरवर, आणि पांघरूण काढलं आपण.

अरबी समुद्रही कधीकधी वात्रटपणा करतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ थेट कोकण किनाऱ्यावर आलं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार आणि पाठोपाठ महा, दोन्ही समुद्रातच फिरत राहिली आणि इकडे काढणीचं सोयाबीन, मका, द्राक्षं पाण्यात. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओखीनं मुंबईला ऐन हिवाळ्यात छत्री उघडायला लावली. आणि १-२ डिसेंबर २०२१ चा तो पाऊस तर विसरता येत नाही: दिवसभर पाऊस, वारा, दिवसाचं तापमान घसरलेलं, आणि पुणे-नगरच्या पट्ट्यात उघड्यावर बसवलेल्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. त्या रात्रींचं किमान तापमान बघितलं तर ते काही भयंकर नव्हतं. ओली लोकर आणि वारा यांनी जीव घेतला. म्हणून नुसत्या किमान आकड्यावर थंडीची भीती मोजू नका.

या दोन बाजू एकमेकींना भिडल्या तर सगळ्यात वाईट. खालून उपसागराचं किंवा अरबी समुद्राचं बाष्प आणि वर पश्चिमी झंझावाताची थंडगार हवा, अशी जोडी जमली की गारा. २६ नोव्हेंबर २०२३ ला तुमच्या जिल्ह्यानं ते भोगलंय, निफाड भागात बागा झोडपल्या गेल्या. नोव्हेंबरात आग्नेयेचा दमट वारा सुरू असेल आणि त्याच वेळी राजस्थान-गुजरातकडे नवा झंझावात असल्याची बातमी असेल, तर मी दोन दिवस शांत झोपत नाही.

अंदाज घरच्या घरी कसा बांधायचा, तेही सांगतो, कारण इथेच लोकांची फसगत होते. संध्याकाळचं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का बघून रात्रीचा अंदाज बांधू नका. टक्का फसवा असतो, तापमानाबरोबर तो आपोआप वर-खाली होतो. बघायचं दवबिंदू तापमान. हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातलं पाणी दव होऊन बसायला लागेल, तो आकडा. बहुतेक हवामान ॲपमध्ये तो असतो, कुणी उघडून बघत नाही. माझा ठोकताळा: संध्याकाळी सहा वाजता आभाळ मोकळं, वारा पडलेला आणि दवबिंदू ८ असेल तर पहाटे पेटीतलं तापमान आठाच्या आसपास घसरायला वाव आहे. दवबिंदू १७ असेल तर कितीही निरभ्र दिसो, सतरापाशी आल्यावर दव पडायला लागतं, आणि दव पडताना वाफेतली उष्णता बाहेर येते, म्हणून तापमान तिथेच अडखळतं. उत्तरेचा वारा सुरू झाला हे तुम्हाला तापमानाच्या आधी दवबिंदूवर दिसेल. तो दोन दिवसांत १६ वरून ९ वर आला की गोधड्या काढा.

यात माझी एकदा चांगली फजिती झाली आहे. एका ओळखीच्या बागायतदाराला मी ठासून सांगितलं, आभाळ स्वच्छ आहे, पाऊस नाही, डाउनीच्या, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाच्या, फवारणीची घाई करू नका. आभाळ खरंच स्वच्छ होतं. पण आग्नेयेचा वारा होता, दवबिंदू चढलेला होता, आणि रात्री दोनपासून सकाळी नऊपर्यंत पानं दवानं निथळत राहिली. ओळीनं तीन रात्री. पोंग्यातून, म्हणजे फुटलेल्या डोळ्यातून, नुकता बाहेर आलेला कोवळा घड, आणि त्यावर केवडा. पाऊस एक थेंब नव्हता. पान किती तास ओलं राहिलं हे बुरशी मोजते, ते पाणी ढगातून आलं की हवेतून याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पहिल्या चाळीस-पन्नास दिवसांत म्हणूनच मला थंडीपेक्षा थंडीच्या मधल्या या दमट खंडांची धास्ती जास्त. कोरड्या थंडीत डाउनी मागे हटते. मग भुरी या दुसऱ्या बुरशीकडे लक्ष ठेवा.

पहाट किती गार होईल याचा नीचांक कधी लागतो, हेही माहीत असू द्या. बरेच जण पहाटे चारला उठून तापमापक बघतात आणि "आज ११ च आहे" म्हणून परत झोपतात. नीचांक सूर्योदयाच्या सुमारास लागतो, कधी सूर्य उगवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनीसुद्धा, कारण कोवळं ऊन जमिनीची तूट लगेच भरून काढू शकत नाही. शेकोट्या पेटवायच्या तर त्या चारला पेटवून सहाला विझवण्यात अर्थ नाही. शेवटचा तास धरायचा.

शेकोट्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. धुरानं बाग उबदार राहते असं पुष्कळ जण मानतात आणि ओला पालापाचोळा जाळून नुसता धूर करतात. धुराचा थर जमिनीची उष्णता फारशी अडवत नाही. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा. तोही एक मोठा जाळ केला तर गरम हवा झाकण फोडून वर निघून जाते. लहान लहान पुष्कळ जाळ, नाल्याच्या बाजूला जास्त, हे बरं. त्याहून सोपं आणि स्वस्त म्हणजे पाणी. ओली जमीन दिवसा उष्णता खोलवर साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. वरून सुकून भेगाळलेली काळी जमीन ते करू शकत नाही. कडाक्याचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवा, पहाटे ठिबक थोडा वेळ चालू ठेवा. विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच उबदार असतं. नाल्याच्या बाजूला घाणेरी-बाभळीचं दाट कुंपण असेल तर त्यात दोन ठिकाणी खालून वाट करून द्या, तुंबलेली हवा पुढे निघून जाईल. मी हे एका ठिकाणी करून घेतलं होतं. खालच्या चार ओळींत दीडएक अंशाचा फरक पडला, फुकटात.

पारा १० च्या खाली गेला की वेलीचं काम मंदावतं, मण्याची फुगवण थांबल्यासारखी होते. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडायच्या वेळी दुपार-पहाटेतली दरी फार झाली तर पांढऱ्या वाणात पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात, म्हणून घडांना कागद लावतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याच बांधापलीकडच्या गव्हाला मात्र हीच थंडी हवी असते, फुटवे तिच्यावरच येतात. कोकणात आंब्याचा मोहोर तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. एकाच पहाटेवर तिघांची तीन मतं.

आणि हो, "थंडीची लाट" हा शब्द. पेपरात तो सैल वापरतात. खात्याच्या हिशेबात सपाट प्रदेशात किमान तापमान १० किंवा त्याखाली असलं पाहिजे, आणि शिवाय त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी. सरासरी १२ असलेल्या गावात ९ अंश म्हणजे लाट नाही, ती नेहमीची थंडी, तिथे ७.५ ला लाट. ४ किंवा त्याखाली गेलं तर मग सरासरी न बघताच लाट धरतात. तुमच्या नाल्यातले ९ वाचून घाबरायचं कारण नाही.

आता तिसरा प्रश्न, यंदा थंडी कशी राहील. मी सांगणार नाही. मोसमाचा अंदाज येतो तो सरासरीपेक्षा कमी की जास्त एवढाच, तोही अख्ख्या विभागासाठी. तुमच्या बागेचं नुकसान तीन रात्रींत होतं, आणि त्या तीन रात्री पाच-सात दिवस आधी दिसायला लागतात, त्याआधी नाही. एवढं मात्र नक्की सांगतो की डिसेंबर कोरा गेला म्हणून कागद-दोरा गुंडाळून ठेवू नका. सगळ्यात लवकरचा सूर्यास्त आपल्याकडे नोव्हेंबरअखेरीस होतो, सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला. रात्र सगळ्यात मोठी २१-२२ डिसेंबरला, पण जमिनीतली साठवण रिती व्हायला पुढे आणखी काही आठवडे लागतात. पुण्याचा १.७ अंशांचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा आहे, मुंबईत सांताक्रूझचा ७.४ चा २२ जानेवारी १९६२ चा.

तोवर एक काम करा. दोन सारखे तापमापक घ्या, आधी एक रात्र शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही तेच दाखवतात का ते तपासा. मग वर छोटं पांढरं छप्पर आणि चारही बाजूंनी हवा खेळेल अशी सोय करून एक नाल्याकाठी, एक माळावर, दोन्ही साधारण सव्वा मीटरवर लावा. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला अशा दहा पहाटेंचे नीचांक वहीत मांडा. शेजारी त्याच दिवशीचा मोबाईलचा आकडा. ढगाळ रात्री वेगळ्या पानावर, त्या यात मिसळू नका. दहा झाले की नाल्यासाठी मोबाईलच्या आकड्यातून किती वजा करायचे ते तुमचं तुम्हालाच कळेल. माझा अंदाज साडेतीन-चार. दहा पहाटेंची वही झाली की कळवा.